डेक्कन कॉलेजच्या वस्तुसंग्रहालयात आम्ही काय पाहिले?

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हणून कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी आमच्याकडे लेख मागितला. आम्ही म्हणालो, बाबांनो, आम्ही गिरणीत तुटलेला धागा जोडणारी माणसं. शाळा नववीत सुटली, पुढचं जे काही शिक्षण झालं ते रात्रीच्या पाळीनंतर सार्वजनिक ग्रंथालयात. लेख प्राध्यापकांकडून घ्या. पण पोरं ऐकेनात. "काका, तुम्ही पुण्याला म्युझियम बघायला गेला होता ना, तेवढंच लिहा," म्हणाले. तेव्हा तेवढंच लिहितो आहोत. चूकभूल असेल ती वाचक बंधू-भगिनींनी पोटात घालावी.

झालं असं की, येरवड्याला आमच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. लग्न आदल्या दिवशी लागलं आणि परतीच्या गाडीला अख्खा दिवस बाकी होता. पुण्यात गेलेला माणूस काय करतो? शनिवारवाडा बघतो, सारसबागेत भेळ खातो. आमच्या मनात मात्र बरेच दिवसांपासून एक खुटखुट होती. येरवड्यालाच, अगदी हाकेच्या अंतरावर, डेक्कन कॉलेज आहे. महाराष्ट्राच्या जमिनीत जे काही जुनं सापडलं त्यातलं पुष्कळसं या लोकांनी खणून काढलं, हे आम्ही वाचून होतो. तिथे दोन छोटी वस्तुसंग्रहालयं आहेत, एक मराठ्यांच्या इतिहासाचं आणि दुसरं पुरातत्त्वाचं. तेव्हा आम्ही, आमची मंडळी आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला आमचा भाचा असे तिघे निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, "ॲडमिशनसाठी का?" आमची मंडळी म्हणाली, "हो, यांनाच घ्यायचं आहे ॲडमिशन!"

आत शिरताना पाय जरा जड झाले हे खरं. मोठमोठी झाडं, काळ्या दगडाची गॉथिक घाटणीची इमारत आणि त्यात शांतता. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढी शांतता अंगावर येते. कोणी अडवलं नाही, पण आपल्यालाच उगाच वाटत राहतं की आता कोणीतरी विचारील, काय काम आहे. ही सवय तीन पिढ्यांची, ती एका दिवसात कुठली जाणार?

या जागेची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. पेशवाई बुडाल्यावर, पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत त्या रकमेतून इंग्रजांनी १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. ती अर्थातच ब्राह्मण मुलांसाठी. तिचंच पुढे कॉलेज झालं. १८६४ साली या इमारतीची कोनशिला बसली, तिच्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एक लाख रुपये आले. टिळक, आगरकर इथेच शिकले. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं आणि १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. १९९० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या पाठशाळेच्या दारात आमच्या पणज्याला उभं राहता आलं नसतं, तिच्या वारसाच्या घरात आम्ही तिघे चपला वाजवत फिरत होतो. आमचा भाचा तर दर दोन मिनिटांनी मोबाईल काढून फोटो घेत होता.

मराठा इतिहासाच्या दालनात आधी गेलो. हा संग्रह मूळचा दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा. ते १९२६ साली वारले. साताऱ्याला असलेला हा संग्रह १९३९ साली इथे आणला. मेणवलीचं दफ्तर, म्हणजे नाना फडणविसांच्या वाड्यातले कागद, तेही याच संस्थेकडे आहेत. काचेखाली मोडीतले कागद आहेत, चित्रं आहेत, नकाशे आहेत. मोडी आम्हाला वाचता येत नाही. पण अक्षर कसं पाण्यासारखं वाहत गेलेलं! बोरू उचललाच नाही असं वाटतं. आमच्या भाच्याने सुरेख म्हणून फोटो काढला. आम्ही मात्र तिथे फार वेळ थांबलो नाही. खोटं कशाला बोला, मन लागलं नाही. या कागदांत सरदार आहेत, सावकार आहेत, वकील आहेत, फौजा आहेत, कर्जं आहेत. आपली माणसंही त्यात असतीलच, पण कशी? वेठीला धरलेली, रखवालीला ठेवलेली, नाहीतर दंड भरणारी. कागदात नाव यायला आधी ज्याच्या हातात बोरू आहे त्याला तुमची गरज लागावी लागते. अर्थात अभ्यासकांनी हे कागद जरूर वाचावेत. मोडी शिकलेल्या आपल्या पोरांनी तर जास्तच वाचावेत. आमचं वय झालं.

खरी गंमत पुढे पुरातत्त्वाच्या दालनात आली.

हे दालन म्हणजे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या शिष्यांची जन्मभराची कमाई. सांकळिया मूळचे गुजराती, जन्म मुंबईचा, १९०८ सालचा. १९३९ साली संस्था पुन्हा सुरू झाली तेव्हा ते इथे प्राध्यापक म्हणून आले, आणि मग नाशिक, जोर्वे, नेवासे, नावडातोली, इनामगाव असं खणतच राहिले. १९८९ साली ते गेले. त्यांच्याआधी महाराष्ट्राचा इतिहास म्हणजे सातवाहनांपासून पुढे, असं मानत. त्याच्या मागे सारा अंधार. या लोकांनी प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठच्या दरडीत आदिमानवाची दगडी हत्यारं शोधली, आणि त्यानंतरच्या काळातली, लोखंड यायच्या आधीची, तांबं आणि दगड वापरणाऱ्या शेतकऱ्यांची गावंच्या गावं शोधली.

पहिल्या कपाटात ती दगडी हत्यारं. आमची मंडळी म्हणाली, "असले दगड आपल्या गावच्या नदीत किती पडलेत!" तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं, नगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. ही हत्यारं त्याच प्रवरेच्या काठची. आम्ही लहानपणी ज्या दगडांनी चिंचा पाडल्या त्यांतला एखादा असा कुणीतरी घडवलेलाही असेल, काय सांगावं!

पुढे जोर्वे भांडी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं, तिथे १९५०-५१ साली उत्खनन झालं. लाल भांडं, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, लांब तोटी. इतकं पातळ आणि इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं म्हणतात. हे आजपासून तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचं काम! भांड्याखालच्या चिठ्ठीवर गावाचं नाव होतं, काळ होता. ज्याने घडवलं त्याचं नाव कुठून असणार? मोडीच्या दालनातून नुकतेच आलो होतो म्हणून की काय, हे आमच्या फार डोळ्यांवर आलं. तिथे नावंच नावं आणि वस्तू थोड्या. इथे वस्तूच वस्तू आणि नाव एकाचंही नाही.

तेवढ्यात तिथे संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आली. आमची कुजबूज ऐकून तिनेच विचारलं, "काका, काही सांगू का?" आम्ही म्हणालो, "सांगा ताई, आम्हाला तर सगळंच सांगावं लागेल." मग तिने जवळजवळ दीड तास आमच्यासाठी घालवला. तिचं नाव इथे देत नाही, तिला ते आवडणार नाही.

तिने आम्हाला इनामगाव समजावून सांगितलं. आपण दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव-भीमाला मानवंदनेला जातो, तो शिरूर तालुका. त्याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई झाली. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. अन्सारी यांनी ते काम केलं. एक राजवाडा नाही, देऊळ नाही, किल्ला नाही. नुसतं शेतकऱ्यांचं खेडं! इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, नऊशे वर्षं ते नांदलं. शंभरावर घरांच्या जमिनी उघड्या केल्या. चुली सापडल्या, धान्याच्या कणग्यांच्या जागा सापडल्या, जळालेले दाणे सापडले. हे लोक प्रामुख्याने बार्ली म्हणजे सातू पिकवत. नदीचं पाणी वळवून आणायला त्यांनी पाटही खणला होता. चांगल्या काळात घरं चौकोनी आणि ऐसपैस. पुढे इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस कमी होत गेला, तशी घरं आकसली, लहान गोल झोपड्या झाल्या. शेती मागे पडली, शिकार वाढली. मग एक दिवस गाव उठलं. दुष्काळाने उठलेलं गाव कसं असतं हे आमच्या आज्याने १९७२ साली पाहिलं होतं. त्यामुळे हे सांगताना आमच्या मंडळींच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघालं.

मग तिने दोन मातीचे कुंभ दाखवले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आम्हाला वाटलं धान्याचे असतील. ती म्हणाली, "लहान मूल गेलं की त्याला असं पुरत, घराच्या जमिनीखालीच." आमची मंडळी कितीतरी वेळ तिथून हलेना. आमचं पहिलं मूल दीड महिन्याचं होऊन गेलं, त्याला चौतीस वर्षं झाली. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जमीन कुठली आपली! ती एवढंच म्हणाली, "घरातच ठेवलं होय?" आणि पुढे चालू लागली. यावर आम्ही जास्त लिहीत नाही.

मोठ्या माणसांची रीत वेगळी. त्यांना आडवं निजवून पुरत, पण त्यांचे पाय घोट्याच्या वरून तोडलेले सापडले! एखाददुसऱ्याचे नाही, ही त्यांची पद्धतच होती. का? मेलेला माणूस उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, असा समज असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि याला अपवाद सापडला तो पाहा कोणता. गावात पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट सुटलेला मोठा रांजण निघाला. त्यात चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष बसवलेला. त्याचे पाय मात्र शाबूत! हा गावाचा प्रमुख असावा असं ढवळीकरांनी मांडलं. गावचा नकाशा पाहिला तर मधोमध अशी मोठी घरं, आणि पश्चिमेच्या कडेला कारागिरांची वस्ती: कुंभार, चुना भाजणारा, मणी घडवणारा वगैरे.

हे ऐकताच आमचा भाचा उसळून म्हणाला, "मामा, बघा! तीन हजार वर्षांपूर्वीपासून हेच! पाटील मध्ये आणि राबणारे गावकुसाबाहेर!"

आमच्याही मनात तेच आलं होतं. नकाशा पाहिला की आमच्यासारख्या माणसाचा डोळा आधी कडेला जातो, आपली वस्ती शोधायला. पण ती मुलगी शांतपणे म्हणाली, "दादा, घर लहान-मोठं होतं हे खणून दिसतं. कोण गावाच्या कडेला राहत होतं हेही दिसतं. पण कोणी कुणाचं पाणी घ्यायचं नाही हे मातीत दिसत नाही. कुंभाराच्या भट्टीला आगीची भीती असते, म्हणूनही ती कडेला ठेवली असेल." भाचा म्हणाला, "तुम्ही असंच म्हणणार." वातावरण जरा तापलं. मग आम्ही मध्ये पडलो. आम्ही त्याला म्हणालो, अरे, बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली लिहिला. त्यात अस्पृश्यता कधी जन्मली याचा शोध घेताना ते कुठे येऊन थांबले? इसवी सन ४०० च्या सुमाराला. तू एका नकाशावरून तिला आणखी दीड हजार वर्षं मागे नेतोस, म्हणजे कुणाच्या बाजूने बोलतोस? जे लोक 'हे पहिल्यापासून असंच आहे, अनादि आहे' म्हणतात त्यांच्याच ना? जी गोष्ट कधीतरी सुरू झाली ती बंदही करता येते, हे सांगण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला. भाचा गप्प बसला. पटलं की मामापुढे बोलायचं नाही म्हणून, ते समजलं नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही त्या मुलीलाही सांगितली. पाटलाचे पाय शाबूत आणि बाकीच्यांचे तोडलेले, एवढं तर मातीत दिसतं ना? ती हसली. म्हणाली, "हो काका, तेवढं दिसतं."

आता आमच्या धंद्याची गोष्ट. एका कपाटात मातीच्या छोट्या चकत्या होत्या, मधोमध भोक पाडलेल्या. भाच्याला वाटलं खेळातली चाकं. आम्ही ओळखलं! टकळीच्या चकत्या. काडी भोकात घालायची, खाली चकतीचा भार, वर कापसाचा पेळू, आणि गिरकी द्यायची. आमची आजी गावाकडे टकळीवर सूत काढायची ते आम्ही पाहिलेलं. आणि गिरणीत १९८८ साली बदली म्हणून लागलो ते २०२० च्या टाळेबंदीत यंत्रं थांबली तोवर आम्ही रिंग खात्यात काय केलं? तेच. पिळ देणं आणि गुंडाळणं. एका साच्याला चारशेच्या वर चात्या फिरतात एवढाच फरक. आम्ही त्या मुलीला सांगितलं, ही चकती जड आहे, हिच्यावर जाड सूत निघणार. ही बारकी हलकी, हिच्यावर बारीक सूत. ती वही काढून लिहायला लागली तेव्हा आम्हाला अवघडल्यासारखं झालं. विद्यापीठात आमचं बोलणं कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

त्यावरून तिला आठवलं. म्हणाली, "काका, तुम्ही सूतगिरणीतले, तर नेवाशाचा धागा तुम्हाला माहीत हवा." आम्ही म्हणालो, नेवासे आमचंच, पण तिथली ज्ञानेश्वरी ठाऊक, धागा ठाऊक नाही. मग तिने सांगितलेलं आणि पुढे आम्ही ग्रंथालयात बसून वाचलेलं असं दोन्ही मिळून इथे देतो.

नेवाशाला प्रवरेकाठी जी पांढरीची टेकडी आहे तिथे सांकळिया, शां. भा. देव, अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ असं खोदकाम केलं. तिथल्या तांब्याच्या काळातल्या थरात, म्हणजे तीन हजार वर्षांपलीकडच्या, एका लहान मुलाचा सांगाडा निघाला. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. आपल्या हवेत नि मातीत सूत, कापड काही टिकत नाही, चार पावसाळ्यांत कुजून जातं. पण तांब्याला गंज चढतो, त्या गंजाच्या क्षारांमुळे कुजवणारे जंतू मरतात. म्हणून मण्यांच्या पोटात धाग्याचे अंश शिल्लक राहिले. ते तपासले ए. एन. गुलाटी यांनी. हे गुलाटी म्हणजे आपल्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेतले. ही प्रयोगशाळा १९२४ सालची. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या कापडाचे तुकडे मिळाले होते, ते कापसाचेच आहेत हे याच प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी यांनी १९२८ साली जाहीर केलं. लालबाग-परळपासून दोन-तीन मैलांवर हे काम चाललेलं, आणि गिरणगावात कुणाला पत्ता नाही! त्याच १९२८ साली आपला गिरणगाव संपावर होता, ती गोष्ट वेगळी.

नेवाशाच्या धाग्याबद्दल गुलाटींचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६१ साली छापला. त्यांना आढळलं की हा धागा रेशमाचा आहे, कातलेल्या रेशमाचा, आणि त्यात कापसाची एक नेप अडकलेली आहे.

आता हे वाक्य प्राध्यापक वाचतील आणि पुढे जातील. सूतगिरणीतला माणूस इथे थांबतो. नेप म्हणजे काय ते ज्यांनी कार्डिंग खातं पाहिलं त्यांना सांगायला नको. कापसाचे तंतू एकमेकांत गुरफटून जी टाचणीच्या डोक्याएवढी गुठळी होते ती नेप. सुतात नेप राहिली की जॉबरच्या शिव्या खाव्या लागत. दुसरं असं की, रेशीम नीट असेल तर कोशावरून त्याचा तंतू सलग उलगडतो, तो कातावा लागत नाही. कातायची वेळ येते ती कोश फुटून तंतूचे तुकडे झाले तर. म्हणजे ज्याने किंवा जिने तो धागा केला, तिने रेशमाचे तुकडे घेऊन ते कापसासारखे पिंजून टकळीवर कातले. आणि तिच्या हाताला, नाहीतर मांडीवरच्या फडक्याला, आधीच्या कामाचा कापूस लागलेला होता! आज रेशीम, काल कापूस, असं तिचं नेहमीचं काम चाललेलं असणार. हे आमचं अनुमान आहे, अहवालातलं नव्हे. पण बत्तीस वर्षांच्या जवळपास आमच्याही मनगटाला तो कापूस चिकटलेला होता, त्याच्या जोरावर आम्ही हे लिहितो. त्या धाग्याएवढं जुनं रेशीम चीनशिवाय कुठे असेल का, अशी शंका पूर्वी घेत. २००९ साली हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांतही रानरेशमाचे तंतू मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, ते तर नेवाशापेक्षा कितीतरी जुने.

लेकराच्या गळ्यातल्या माळेसाठी एवढी खटपट कुणी केली असेल? आमची मंडळी म्हणाली, "आईनंच केली असणार, नाहीतर आज्जीनं." तिच्यापुरता प्रश्न सुटला.

हे सारं आम्हाला एवढं का लागलं, त्याला एक कारण आहे, आणि ते पोरांना माहीत असावं म्हणून लिहितो. आमचे आजोबा नेवासे तालुक्यातून मुंबईला आले आणि गिरणीत लागले ते रिंग खात्यात. सूत काढायला त्यांना बंदी नव्हती. बंदी होती ती विणकामाच्या खात्यात, साच्यावर. पगार तिथे जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा स्पृश्य कामगार तोंडाला लावणार नाही! लाल बावटा हातात घेतलेला कामगारही लावणार नाही! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे मांडला, आमच्या लोकांना विणकाम खातं खुलं करा म्हणून. आजोबा शेवटपर्यंत रिंग खात्यातच राहिले. ते सांगत, "आपण काढलेलं सूत त्यांना चालतं, आपला श्वास चालत नाही." नेवाशाच्या त्या बाईनेही धागा ओवताना टोक तोंडात धरून ओलं केलंच असेल. सगळेच करतात. सुई ओवणारी कोणतीही बाई बघा.

जाता जाता भाच्याने विचारलं की, मग विणकरांचं नाव इतिहासात कुठे येतच नाही का? येतं की. नाशिकच्या पांडवलेण्यात, दहा नंबरच्या लेण्यात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे ठेवले? बँक नव्हती, सावकारही नाही. गोवर्धन गावच्या कोलिकांच्या म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे! दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून चीवरं वगैरे पुरवायची. राजाचा जावई विणकरांवर विश्वास टाकतो आणि तो व्यवहार दगडात कोरून ठेवतो. तरी तिथेही श्रेणीचंच नाव आहे, कुणा एका विणकराचं नाही, हे भाच्याच्या लक्षात आलं. पोरगं हुशार आहे.

चार वाजले. त्या मुलीचे आभार मानले. तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे गिरणीतलं काही जुनं आहे का?" आम्ही म्हणालो, काय असणार, पीएफची पावती आणि खोकला! ती हसली नाही.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात आजोबांची एक लाकडी बॉबिन आहे, त्यांनी रिटायर होताना मागून आणलेली. तिच्यावर थोडं सूत अजून आहे, पिवळं पडलेलं. लहानपणी आम्ही तिच्याशी खेळत असू म्हणून एका टोकाला टवका उडाला आहे. आमच्या भाच्याने कागदाची एक चिठ्ठी कापली. आजोबांचं पूर्ण नाव, गाव, तालुका, खातं रिंग, तिकीट नंबर, लागल्याचं साल आणि निवृत्तीचं साल. तिकीट नंबर आम्हाला आठवेना. आमच्या थोरल्या आत्याला फोन केला. तिचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून विचारावं लागलं. चौथ्या वेळेला तिने नंबर सांगितला, एका दमात, जणू कालच हजेरी लागली होती. तो लिहिला आणि चिठ्ठी बॉबिनीला सुताने बांधली. बांधताना सुताचं टोक भोकातून जाईना, तेव्हा आमच्या मंडळींनी ते तोंडात धरून ओलं केलं.